उपजीविका आणि उपचार : फाळणीनंतरच्या निर्वासित नोकरदार स्त्रीच्या चार संहिता

१

'पुनर्वसन' हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला तो प्रामुख्याने धरणांमुळे. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' (१९९१) या कादंबरीने या शब्दातील शासकीय आश्वासन आणि धरणग्रस्तांच्या वाट्याला आलेले वास्तव यांतील अंतर दाखवून दिले. फाळणीनंतर हाच शब्द त्याहून कितीतरी मोठ्या लोकसमूहासाठी योजला गेला होता. सप्टेंबर १९४७ मध्ये केंद्रात मदत व पुनर्वसन मंत्रालय उभे राहिले आणि त्याच्या स्त्रीविभागाची धुरा रामेश्वरी नेहरू यांच्याकडे आली. पती, पिता वा भाऊ यांपैकी कोणीही सोबत नसलेल्या स्त्रियांसाठी प्रशासनाने 'असंलग्न' अशा अर्थाची संज्ञा वापरली. त्यांच्यासाठी निवासगृहे काढली, शिवण-भरतकामाचे वर्ग चालविले. शिक्षिका, परिचारिका वा टंकलेखिका होण्याचे शिक्षण मिळण्याची सोय केली. त्या काळातील साधनांची टंचाई लक्षात घेता हे काम लहान नव्हते. मात्र त्यामागे एक गृहीतक होते : स्त्री मिळवती झाली की तिचे पुनर्वसन पुरे झाले. पगाराच्या पहिल्या नोंदीबरोबर तिचे प्रकरण दप्तरी दाखल होत असे.

प्रकरण दप्तरी दाखल झाल्यानंतर त्या स्त्रीच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न प्रशासनाच्या कक्षेत नव्हता. मानसोपचारशास्त्रानेही तो फारसा विचारला नाही. फाळणी आणि मनोरुग्णता यांची अधिकृत पातळीवरील सर्वांत ठळक गाठ पडली ती १९५० मधील मनोरुग्णांच्या अदलाबदलीत. सआदत हसन मंटो यांच्या 'टोबा टेकसिंह' या कथेने ती घटना अजरामर केली. पण ती कथा वेड्यांच्या इस्पितळातील पुरुषांची आहे. 'आघातोत्तर तणाव विकृती' हे निदानच अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० मध्ये आले. फाळणीच्या मानसिक परिणामांविषयी भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी पाळलेल्या मौनाची दखल घेणारा संजीव जैन आणि आलोक सरीन यांनी संपादिलेला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध होण्यास २०१८ साल उजाडावे लागले.

शास्त्राने रिकाम्या ठेवलेल्या या जागेत साहित्य आधीपासून उभे होते. ज्योतिर्मयी देवी यांची बंगाली कादंबरी 'एपार गंगा ओपार गंगा', ऋत्विक घटक यांचा बंगाली चित्रपट 'मेघे ढाका तारा', पोपटी हिरानंदानी यांचे सिंधी आत्मचरित्र आणि कृष्णा सोबती यांची हिंदी आत्मचरित्रात्मक कादंबरी 'गुजरात पाकिस्तान से गुजरात हिंदुस्तान' या चार संहितांच्या केंद्रस्थानी शिकलेली, कमावती, निर्वासित स्त्री आहे. या संहितांत नोकरी स्त्रीला छप्पर देते, ओळख देते, प्रसंगी कुटुंबाहून मोठे स्वातंत्र्यही देते. पण त्याच वेळी ती तिच्याकडून मौनाची अपेक्षा करते. 'ती आता सावरली आहे' या निर्वाळ्यामुळे तिचे म्हणणे ऐकण्याची गरज कोणाला उरत नाही. उपजीविका आणि उपचार या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या चारही संहिता आपापल्या रीतीने सांगतात.

२

या स्त्रीला कोणत्या नावाने ओळखावे, हा प्रश्न भारतीय भाषांनी वेगवेगळ्या प्रकारे सोडविला आहे. मराठीतील 'निर्वासित' हा शब्द कर्मणी वळणाचा आहे. कोणीतरी घालवून दिल्याचा अर्थ त्यात आहे, पण घालविणारा अनुल्लेखित राहतो. बंगालीतील 'उद्वास्तु' हा शब्द वास्तूशी, म्हणजे पूर्वजांच्या घराच्या पायाशी जोडलेला आहे. माणूस वास्तूवरून उखडला गेला, ही त्यातील वेदना आहे. हिंदीतील 'शरणार्थी' या शब्दात आश्रय मागणाऱ्याची दीनता येते. पंजाबातून आलेल्या अनेकांना ती मानवली नाही. आपण शरण मागणारे नसून कष्टाने उभे राहणारे आहोत, असे सांगण्यासाठी 'पुरुषार्थी' हा शब्द पुढे आला. स्वाभिमानाचा हा शब्द स्त्रीला मात्र अडचणीत टाकतो. पुरुषार्थाचे कर्तेपण व्याकरणानेच पुरुषाकडे दिलेले असताना, कुटुंबाचा भार उचलणाऱ्या निर्वासित मुलीला त्यात जागा कोणती? तिने पुरुषाचे काम करायचे, पण तिचे दुःख स्त्रीने सोसावयाच्या दुःखासारखे मूक राहायचे, अशी ही दुहेरी अपेक्षा आहे. पुढील संहितांत तिची वेगवेगळी रूपे दिसतात.

३

ज्योतिर्मयी देवी (१८९४–१९८८) यांची कादंबरी 'प्रवासी' मासिकात प्रथम आली तेव्हा तिचे शीर्षक 'इतिहासे स्त्रीपर्व' असे होते. महाभारतात स्त्रीपर्व आहे, पण त्यात मुख्यतः मेलेल्या पुरुषांसाठी केलेला विलाप आहे. स्त्रियांवर प्रत्यक्ष जे गुदरले त्याचा ओझरता उल्लेख पुढे मौसलपर्वात येतो. अर्जुनाच्या देखत आभीर यादवस्त्रियांना पळवून नेतात आणि कथा पुढे सरकते. लेखिकेच्या मूळ शीर्षकाचा रोख या गाळलेल्या पर्वाकडे आहे.

कादंबरीची नायिका सुतारा दत्त दिल्लीतील एका स्त्री-महाविद्यालयात इतिहासाची अध्यापिका आहे. १९४६ च्या नोआखाली दंगलीत तिचे कुटुंब उद्ध्वस्त झाले. वडिलांचे मुसलमान स्नेही तमिजुद्दीन यांनी तिला आपल्या घरी ठेवून बरे केले आणि काही महिन्यांनी कलकत्त्यास भावाकडे पोहोचविले. तेथे, भावाच्या सासरघरी, तिच्या आयुष्यातील दुसरी दंगल सुरू होते. तिचा आवाज मात्र कोणाला ऐकू येत नाही. परधर्मीयांच्या घरी राहिलेल्या मुलीचा हात पाण्याला लागू नये, स्वयंपाकघरात ती येऊ नये, लग्नकार्यात ती इतरांपासून दूर असावी, असा नियम कोणी मोठ्याने न सांगताच अमलात येतो. देबाली मुखर्जी-लेनर्ड यांनी या कादंबरीच्या चर्चेत वापरलेली 'विलगीकरणा'ची कल्पना येथे नेमकी लागू पडते. सुताराला रोगी मानलेले नाही, पण संसर्गजन्य मात्र मानले आहे.

पुढचे वळण समीक्षेने अधिक गांभीर्याने घ्यावयास हवे. सुतारा घरात नको म्हणून तिला मिशनरी वसतिगृहात पाठविले जाते. तेथे ती शिकते, पदवी मिळविते, दिल्लीस नोकरी धरते. म्हणजे तिचे अध्यापकपद हे कुटुंबाने दिलेल्या आधाराचे फळ नाही. स्वयंपाकघराचे दार बंद झाले म्हणून महाविद्यालयाचे दार उघडले. स्वावलंबनाचा हा मार्ग मुळात बहिष्काराचा मार्ग आहे. त्यामुळे नोकरी लागल्यानंतर जखम भरत नाही. ती केवळ कोणाच्या दृष्टीस पडत नाही. वर्गात सुतारा राजवटी आणि लढाया शिकविते. तिच्यावर जे गुदरले ते तिच्या अभ्यासक्रमात नाही आणि तिच्या नातलगांच्या बोलण्यातही नाही. दिल्लीत तिच्याभोवती पंजाबातून आलेल्या निर्वासितांचे जग आहे. दुःखाच्या समानतेमुळे तेथे तिला कलकत्त्यापेक्षा मोकळा श्वास मिळतो, ही लेखिकेची सूक्ष्म नोंद मोलाची आहे.

अत्याचाराचे वर्णन लेखिकेने टाळले आहे. त्या क्षणी सुताराची शुद्ध हरपते आणि कथनही तेथे थांबते. या गाळलेल्या जागेला संकोच म्हणणे सोपे आहे. परंतु आघाताच्या स्मृतीची रचनाच अशी तुटक असते, हे पुढील काळातील अभ्यासाने मान्य केले. कादंबरीच्या अखेरीस भावजयीचा भाऊ प्रमोद सुतारापुढे विवाहाचा प्रस्ताव ठेवतो. अनेक वाचकांना हा शेवट सुखान्त वाटला आहे. मात्र प्रमोद तिचा स्वीकार करतो, एवढेच कादंबरी सांगते. तो तिचे ऐकेल काय, हे सांगण्याआधी ती संपते. स्वीकार आणि श्रवण यांतील हे अंतर लेखिकेने मोकळे ठेवले आहे.

४

'मेघे ढाका तारा' (१९६०) हा ऋत्विक घटक यांचा चित्रपट शक्तिपद राजगुरू यांच्या कथेवर आधारलेला आहे. कलकत्त्याच्या सीमेवरील निर्वासित वसाहतीत राहणारी नीता शिक्षण अर्धवट सोडून कार्यालयात नोकरी धरते आणि सारे कुटुंब तिच्या पगारावर उभे राहते. थोरला भाऊ शंकर गाण्याचा रियाज करतो, धाकटा भाऊ कारखान्यात जखमी होतो, धाकटी बहीण नीताच्या प्रियकराशी लग्न करते. कमावती मुलगी परक्या घरी गेली तर चूल कशी पेटायची, ही आईची भीती घटक यांनी निष्ठुरपणे, पण न्यायबुद्धीने दाखविली आहे. आई खलनायिका नाही. निर्वासित घराने मुलीच्या पगाराशी बांधलेली गाठ तिच्या तोंडून बोलते.

सुताराला घराने दूर लोटले, नीताला घराने घट्ट धरून ठेवले. परिणाम मात्र सारखाच झाला. नीता सर्वांचे ऐकते. कोणाला पैसे हवेत, कोणाला बूट, कोणाला धीर. तिचे ऐकण्याची पाळी कोणावर येत नाही, कारण ती घरातील 'समर्थ' व्यक्ती आहे. प्रियकराची वंचना तिला कळते त्या प्रसंगी ध्वनिपट्टीवर चाबकाच्या फटकाऱ्यांसारखा आवाज येतो. तिला जे बोलता येत नाही ते ध्वनीला बोलावे लागते. पुढे तिचा आजार शरीराची वाट धरतो. क्षयाचे निदान होऊ शकते, त्याला इस्पितळ आहे, औषध आहे; मनाच्या झिजेला त्या वसाहतीत नावही नाही. मराठीतील 'क्षय' या शब्दात रोग आणि झीज हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. नीताच्या बाबतीत ते वेगळे करणे अशक्य आहे. आजार कळताच ती आपण होऊन घराच्या एका बाजूच्या खोलीत राहू लागते, आणि कलकत्त्याच्या घरात सुतारावर लादलेले विलगीकरण येथे नायिका स्वतःवरच लादून घेते.

मुंबईत गायक म्हणून नाव मिळवून परतलेला शंकर तिला शिलाँगच्या आरोग्यधामात ठेवतो. तो घरची हकिगत सांगत असताना तिच्या तोंडून जगण्याच्या इच्छेचा आक्रोश फुटतो आणि कॅमेरा डोंगररांगांवरून फिरत राहतो. नीताला श्रोता मिळतो तो उपचाराची वेळ टळल्यावर. शिवाय तिचा आक्रोश शंकरपाशी थांबत नाही. तो दऱ्याखोऱ्यांत घुमतो, जणू एका भावाचे ऐकणे त्याला पुरणार नाही. आरंभी नीताच्या चपलेचा अंगठा तुटला होता. अखेरीस रस्त्यावरील दुसऱ्याच एका मुलीची चप्पल तुटते. तिच्या पाठीमागे अशा किती मुली कामावर निघाल्या आहेत, याचा हिशेब चित्रपट प्रेक्षकावर सोपवितो.

५

पोपटी हिरानंदानी (१९२४–२००५) यांच्या आत्मचरित्राने चर्चेची दिशा बदलते, कारण येथे निर्वासित स्त्री स्वतः बोलते. सिंधमधील हैदराबाद येथे जन्मलेल्या पोपटी फाळणीनंतर भारतात आल्या, मुंबईतील के. सी. महाविद्यालयात त्यांनी सिंधी शिकविले आणि विपुल लेखन केले. 'मुंहिंजी हयातीअ जा सोना रूपा वर्क' या आत्मचरित्रास १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शीर्षकाचा भावार्थ 'माझ्या हयातीची सोन्यारुप्याची पाने' असा सांगता येईल. मिठाईवरील 'वर्ख' मराठी वाचकास ठाऊक आहे. तो चकाकतो, पण फुंकर मारली तरी उडेल इतका पातळ असतो. शीर्षकात अभिमान आहे आणि त्या अभिमानाच्या नाजूकपणाची जाणीवही आहे.

महाराष्ट्राशी या संहितेचे नाते थेट आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. मुंबई-ठाण्याच्या मराठी माणसाने सिंधी निर्वासित पाहिला तो मुख्यतः दुकानदार, उद्योजक म्हणून. या प्रतिमेत सिंधी अध्यापिका बसत नाही. पोपटी यांनी हुंड्याच्या रूढीला नकार दिला, अविवाहित राहून स्वतःच्या कमाईवर जीवन उभारले आणि या निर्णयांची किंमत लपविली नाही.

सुतारा आणि पोपटी या दोघी अध्यापिका आहेत. परंतु सुताराचा विषय तिच्या दुःखाला वगळतो, तर पोपटी यांचा विषय हेच त्यांच्या दुःखाचे नाव आहे. प्रांत पाकिस्तानात गेला आणि भाषा भारतात आली. १९६७ पर्यंत त्या भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचीतही स्थान नव्हते. अशी भाषा वर्गात शिकविणे हे रोज आपल्या तुटलेल्या गावाविषयी बोलणे होते आणि समोर ऐकणारे विद्यार्थी होते. येथे नोकरी मौन मागत नाही. नोकरीच बोलण्याची जागा होते. चारही संहितांत उपजीविका आणि उपचार एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात ते येथे. तरीही आत्मचरित्र लिहावे लागलेच. वर्गात समाजाचे दुःख बोलता येते. पितृहीन घरातील मुलीचे, एकट्या स्त्रीचे दुःख तेथे मावत नाही. त्यासाठी स्वतंत्र पाने लागतात.

६

कृष्णा सोबती (१९२५–२०१९) यांची 'गुजरात पाकिस्तान से गुजरात हिंदुस्तान' ही कृती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पंजाबातील गुजरात हे त्यांचे जन्मगाव. फाळणीनंतर दिल्लीस आलेली तरुण नायिका सिरोही संस्थानातील शिशुशाळेच्या नोकरीसाठी अर्ज करते, तेथे जाते आणि पुढे बालराजा तेजसिंह याची शिक्षिका होते. मुलाखत, नेमणूक, अधिकाऱ्यांचे हेवेदावे, निर्वासित म्हणून होणारी सूक्ष्म अवहेलना यांचे तपशील येथे आहेत. शाळेत ती टापटीप, नेमकी, हजरजबाबी असते. एकांतात मात्र मागे राहिलेले गाव आणि कत्तलीच्या वार्ता कथनात मध्येच घुसतात. व्यावसायिक संयम आणि अनाहूत स्मृती यांची ही ये-जा कृतीची रचनाच ठरविते. गादीवरच वाद चालू असलेल्या बालकाला धीर देण्याचे काम जिचे घर गेले आहे तिच्याकडे यावे, ही विसंगती सोबती फारसे भाष्य न करता मांडतात.

येथे एक वाङ्मयेतिहासातील घटना लक्षात घ्यावी लागते. १९५० च्या दशकाच्या आरंभी सोबती यांनी आपली पहिली कादंबरी 'चन्ना' छपाईच्या टप्प्यावर असताना परत घेतली, कारण प्रकाशकाने तिच्यातील पंजाबी वळणाच्या भाषेत बदल केले होते. ती कादंबरी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. हा प्रसंग सामान्यतः लेखकाच्या स्वाभिमानाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. निर्वासित स्त्रीच्या संदर्भात त्याला आणखी एक अर्थ आहे. जमीन गेल्यावर उरलेली बोलीही 'शुद्ध' करून घेण्याची अट मान्य करणे म्हणजे ऐकून घेतले जाण्यासाठी स्वतःला पुसून टाकणे होते. सोबती यांनी ती अट नाकारली आणि वाट पाहिली.

७

चारही संहिता एकत्र ठेवल्या की प्रथम दिसते ते घटना आणि कथन यांमधील अंतर. नोआखालीपासून ज्योतिर्मयी देवींच्या कादंबरीपर्यंत सुमारे वीस वर्षे, पोपटी यांच्या आत्मचरित्रापर्यंत तीन दशकांहून अधिक, सोबती यांच्या कृतीपर्यंत सत्तर. नोकरी मिळण्यास एकदोन वर्षे पुरली. बोलण्यास आयुष्य लागले. मधला काळ रिकामा नव्हता, तो कामाने भरलेला होता आणि म्हणूनच तो बरे होण्याचा काळ समजला गेला. वीणा दास यांनी पंजाबी स्त्रियांच्या कथनांचा अभ्यास करताना, विष पिऊन ते आतच ठेवण्याची प्रतिमा त्या स्त्रियांच्या बोलण्यात येत असल्याचे नोंदविले आहे. नोकरदार स्त्रीच्या बाबतीत हे विष ती दररोज वेळेवर कामावर हजर राहून सांभाळते.

जशोधरा बागची आणि शुभरंजन दासगुप्ता यांनी पूर्व भारतातील फाळणी आणि स्त्रिया यांविषयी २००३ मध्ये संपादिलेल्या महत्त्वाच्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकात आघात आणि विजय हे दोन शब्द शेजारी ठेवले आहेत. निर्वासित मुली घराबाहेर पडल्या, शाळा-कार्यालयांत शिरल्या, बंगाली मध्यमवर्गीय स्त्रीची प्रतिमा बदलली, हा त्या विजयाचा अर्थ आहे आणि तो खराही आहे. प्रश्न आहे तो 'आणि' या अव्ययाचा. समीक्षेत हे अव्यय अनेकदा 'नंतर' या अर्थाने वाचले जाते : आधी आघात, नंतर विजय. सुतारा आणि नीता सांगतात की दोन्ही एकाच देहात, एकाच वेळी राहतात.

याविरुद्ध एक उदाहरण विचारात घेतले पाहिजे. अनीस किदवई स्वतः निर्वासित नव्हत्या. १९४७ मध्ये मसुरी येथे त्यांच्या पतीची हत्या झाली. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी दिल्लीतील पुराना किला आणि हुमायूनच्या कबरीच्या परिसरातील छावण्यांत काम केले. 'आज़ादी की छाँव में' हे त्यांचे उर्दू स्मृतिकथन १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे कामाने शोकाला आधार दिला असे म्हणता येते. परंतु त्या कामाचे स्वरूपच इतरांचे दुःख ऐकण्याचे होते. म्हणजे हे उदाहरणही अखेर श्रवणाकडेच बोट दाखविते.

या विवेचनाच्या मर्यादाही स्पष्ट केल्या पाहिजेत. चारही नायिका शिकलेल्या आहेत, आणि शिक्षण ही जात-वर्गाने मिळालेली शिदोरी होती. पूर्व बंगालमधून आलेल्या आणि दंडकारण्यात वा आजच्या चंद्रपूर-गडचिरोली परिसरात वसविल्या गेलेल्या नमशूद्र कुटुंबांतील स्त्रियांना अध्यापिका होऊन मौन पाळण्याचाही पर्याय नव्हता; त्यांच्या श्रमाला व्यवसायाची प्रतिष्ठा नव्हती. दुसरे असे की, १९८० मध्ये मान्य झालेले निदान १९४६ च्या पात्रावर चिकटविल्याने संहिता समजत नाही. सुतारा रुग्ण आहे काय, या प्रश्नापेक्षा तिच्याभोवतीच्या निरोगी माणसांना तिचे ऐकणे का जमले नाही, हा प्रश्न कादंबरीला अधिक जवळचा आहे.

८

या संहितांत 'आधार' या शब्दाला ठोस रूपे आहेत : अटीविना वाढलेले ताट, दुरुस्त न करता ऐकलेली बोली, समदुःखी सहकारी, आणि सावरल्याचा निर्वाळा देण्याची घाई न करणारा माणूस. यांपैकी एकही गोष्ट पगारातून आपोआप मिळत नाही. आणि पगाराविना यांपैकी एकही टिकत नाही, हेही नीताच्या घराकडे पाहून मान्य करावे लागते.

प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. दिल्लीतील लाजपतनगर ही फाळणीनंतरच्या निर्वासितांची वसाहत. याच परिसरात अलीकडच्या दशकांत अफगाण कुटुंबे राहू लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमध्ये तालिबानची सत्ता पुन्हा आल्यानंतर ज्या अफगाण स्त्रियांना देश सोडून निरनिराळ्या देशांत आश्रय शोधावा लागला, त्यांत न्यायाधीश, डॉक्टर, पत्रकार, शिक्षिका होत्या. भारत १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य नाही. त्यामुळे येथे येणाऱ्या स्त्रीला सुताराला मिळाली तशी नोकरी मिळणेही दुरापास्त आहे. ती मिळाली तरी तेथे पुनर्वसन संपले असे मानू नये, एवढा धडा या चार संहितांनी दिलेला आहे. सुताराच्या महाविद्यालयात तिच्या शिकविण्याविषयी तक्रार नव्हती. तिला तिच्या गावाविषयी विचारणारे मात्र फार थोडे होते.